पुढचा ॲक्सल निवडताना टोकाकडून आत या

प्रश्न थोडक्यात असा. गाडी जीप रँग्लर टीजे, 4.0 लिटरचं इंजिन, पाच गिअर, पुढे मूळचा डाना 30 ॲक्सल आणि मागे डाना 44 (डाना ही ॲक्सल बनवणारी कंपनी, आकडा मॉडेलचा). सध्या 33 इंची टायर आहेत, 37 वर जायचंय. पुढे लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी यंत्रणा, बसवल्यापासून चाक फिरवणारा शाफ्ट दोनदा तुटला. दोन्ही वेळा स्टिअरिंग पूर्ण वळलेलं होतं आणि चाक दगडांच्या बेचक्यात अडकलेलं होतं. आता तीन पर्याय समोर आहेत: टीजेच्याच रुबिकॉन आवृत्तीतून निघालेला डाना 44, जुन्या फोर्ड पिकअपचा किंगपिनवाला (चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंगपिन) डाना 60, किंवा हव्या त्या मापाचा नवा बांधून घेतलेला ॲक्सल. कोणता घ्यावा, आणि त्यासोबत काय काय बदलावं लागेल?

तुम्ही ॲक्सलचे नंबर दिलेत, टायरचं माप दिलंत. पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता सांगून टाकलीत: स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना तुटला. म्हणजे क्राऊन-पिनियनला (ॲक्सलच्या मधल्या दातेरी चक्रांना) काही झालं नाही, आतला शाफ्ट मधोमध पिळवटला नाही. चाकाजवळचा यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) क्रॉस, म्हणजे चाक वळलं तरी दोन शाफ्ट जोडून ठेवणारा अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, किंवा त्याला धरणारे शाफ्टचे कान गेले. तुटलेला तुकडा अजून जवळ असेल तर पाहा. कान ताणून क्रॉसची वाटी बाहेर सरकलेली दिसेल.

आता रुबिकॉनचा डाना 44 या नजरेनं बघा. त्याचं क्राऊन व्हील साडेआठ इंचांचं, तुमच्या डाना 30 चं सव्वासातच्या आत. आतला शाफ्ट 27 ऐवजी 30 स्प्लाइनचा (टोकावरच्या खाचांचा). हे दोन्ही फायदे खरे आहेत. पण नकल (चाकासोबत वळणारा भाग), बॉल जॉइंट (नकल ज्यावर वळते तो सांधा), हब-बेअरिंग, ब्रेक आणि बाहेरचा स्टब (चाकाकडचा आखूड शाफ्ट) तिथे डाना 30 चाच आहे. क्रॉससुद्धा तोच, 5-760 मापाचा. म्हणजे जो भाग तुमचा दोनदा तुटला तोच भाग तुम्ही पुन्हा विकत घेणार, फक्त मधला गोळा (क्राऊन-पिनियनचं घर) मोठा. आजार रेड्याला, औषध पखालीला! गाडीखाली तो सरळ बोल्टवर बसतो, हा त्याचा मोठा गुण. 35 इंची टायरवर थांबणार असाल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. 37 साठी मात्र नको.

म्हणून माझी पद्धत अशी की ॲक्सल टोकाकडून आत निवडत यायचा. आधी हब आणि नकल, मग क्रॉस आणि स्टब, मग शाफ्ट, मग नळीची जाडी आणि रुंदी, आणि सगळ्यात शेवटी गोळ्यावरचा नंबर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, कारण नंबर सांगायला सोपा असतो.

क्रॉस का तुटतो ते एकदा समजून घ्या. यूजे सरळ असताना दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. कोन वाढला की बाहेरचा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा मागे पडतो आणि दोनदा पुढे पळतो. 35 अंशांवर हा फरक मागे 18 टक्के आणि पुढे 22 टक्के इतका होतो. टायर दगडात अडकलाय, लॉकरनं दोन्ही बाजू बांधल्यात, आणि वर हा धक्का. कान आधीच थोडे ताणलेले असतील तर वाटी सरकते, आणि एकदा ती सरकली की पुढचं काम सेकंदाचं. जाताना बऱ्याचदा बॉल जॉइंट आणि नकललाही तडाखा देऊन जाते.

त्यातच खालच्या गिअरचा जोर मोजा. इंजिनचे साधारण 300 न्यूटन-मीटर धरू. पहिला गिअर 3.83, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचा) लो 2.72, ॲक्सलचा रेशो 3.73 असा हिशेब केला तर घर्षण सोडून चाकांपाशी सुमारे 11,650 न्यूटन-मीटर येतात. मोठ्या टायरसाठी ॲक्सल 4.88 केलात की तोच आकडा सव्वापंधरा हजारांच्या घरात जातो. एरवी टायर घसरतो आणि शाफ्ट वाचतो, कारण घसरणारा टायर हाच खरा फ्यूज असतो. टायर मोठा, मऊ आणि हवा कमी केलेला असला की तो घसरत नाही. मग फ्यूज आत सरकतो.

डाना 60 चा क्रॉस वेगळ्या वर्गातला आहे, 5-806 मापाचा, हातात धरूनच फरक कळतो. आतला शाफ्ट दीड इंच जाड, 35 स्प्लाइनचा. क्राऊन व्हील पावणेदहा इंचांचं. पण इथेही टोक तपासा: जुन्या किंगपिनवाल्या डाना 60 चा बाहेरचा स्टब मूळचा 30 स्प्लाइनचा असतो. त्यामुळे तुम्हाला तो 35 स्प्लाइनचा हवा असेल तर स्टब, हबची आतली गिअर आणि स्पिंडलमध्ये (हब ज्या पोकळ नळीवर फिरतो तीत) तो जातो की नाही, हे तिन्ही एकत्र बघून मागवा. 37 इंची टायरसाठी, गाडी एवढी हलकी असताना, मी मूळ 30 स्प्लाइनच ठेवीन. तुटायचंच असेल तर ते लॉकिंग हबपाशी (चाक शाफ्टपासून सोडवता येणाऱ्या हबपाशी) तुटावं. हब दोन पान्यांनी रानात बदलता येतो, क्राऊन-पिनियन नाही. ही माझी आवड झाली. 40 इंची टायरवाला वेगळं सांगेल आणि त्याचंही बरोबर असेल.

लॉकिंग हबचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. तुमच्या टीजेला पुढे युनिट बेअरिंग आहे, शाफ्ट कायम चाकाला जोडलेला. शाफ्ट तुटला की तुटका तुकडा फिरत राहतो आणि नकल खातो. लॉकिंग हब असेल तर ते मोकळं करून मागच्या चाकांवर घरी येता येतं. माझ्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

किंगपिन की बॉल जॉइंट, यावर लोक तावातावानं भांडतात. किंगपिनच्या नकलमध्ये खाली टेपर रोलर बेअरिंग असतं आणि वर स्प्रिंगनं दाबलेली शंकूच्या आकाराची बुश. झीज झाली तर सुटे भाग बदलता येतात. शिवाय वरची टोपी चार बोल्टवर असते. तिच्या जागी स्टिअरिंगचा उंच आर्म बसतो आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून नकलपर्यंतचा दांडा), टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) दोन्ही स्प्रिंगांच्या वर नेता येतात, दगडांपासून दूर. किंगपिन मला आवडतो तो मुख्यतः याच कारणासाठी. बॉल जॉइंटवालेही चांगलेच असतात. चांगल्या स्थितीतला बॉल जॉइंटवाला ॲक्सल समोर असेल तर कुजका किंगपिन शोधत बसू नका.

आता बाजू. इथे माणसं पैसे बुडवतात, आणि मीही बुडवलेत. ट्रान्सफर केसमधून पुढे जाणारा प्रोपेलर शाफ्ट ज्या बाजूनं निघतो त्याच बाजूला ॲक्सलचा गोळा हवा. टीजेमध्ये तो डावीकडे आहे. फोर्डचे 1978-79 चे आणि नंतर 1991 पर्यंतचे किंगपिन डाना 60 डावीकडचेच, म्हणून ते जीपवाल्यांना चालतात. शेव्हरलेच्या त्याच काळातल्या पिकअपचे उजवीकडचे. सुरुवातीच्या काळात मी एक गोळा केवळ 'ड्रायव्हर साइड' असं लिहिलेलं वाचून घेतला होता. लिहिणारा डाव्या स्टिअरिंगच्या देशातला, मी माझ्या स्टिअरिंगकडे बघून हिशेब केला. गाडीखाली ठेवल्यावर कळलं. तेव्हापासून मी फक्त डावा आणि उजवा हेच शब्द वापरतो, आणि तेही गाडीत बसून पुढे तोंड केल्यावरचे. तुमची टीजे उजव्या स्टिअरिंगची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: स्टिअरिंग बॉक्स उजवीकडे, ड्रॅग लिंक डाव्या नकलकडे जाणार, म्हणजे ती गोळ्याच्या डोक्यावरूनच जाणार. तिथली जागा आधी मोजा.

फोर्डच्या या ॲक्सलचा आणखी एक मोठा गुण म्हणजे पिनियन वरच्या बाजूला आहे. तुमच्या टीजेच्या डाना 30 चं आणि रुबिकॉनच्या 44 चं पिनियन खालच्या बाजूला आहे. पुढच्या ॲक्सलला खालचं पिनियन असलं की पुढे जाताना जोर दाताच्या उलट्या, म्हणजे कमजोर बाजूवर येतो. वरच्या पिनियनचा काप उलटा असतो, त्यामुळे पुढे जाताना सरळ, मजबूत बाजू काम करते. शिवाय प्रोपेलर शाफ्टचा कोन कमी होतो आणि त्याचा जॉइंट दगडावर आपटत नाही.

पण पिनियन आणि कॅस्टर (नकल ज्या रेषेवर वळते तिचा मागे झुकाव) यांचं भांडण सोडवल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका. टीजेच्या पुढच्या प्रोपेलर शाफ्टला ट्रान्सफर केसकडे डबल जॉइंट आहे, म्हणजे पिनियननं जवळपास सरळ त्या जॉइंटकडे बघायला हवं. गाडी उचललेली असेल तर त्यासाठी ॲक्सल फिरवून पिनियन वर करावं लागतं. ॲक्सल तसा फिरवला की कॅस्टर कमी होतो. तुम्हाला कॅस्टर 5 ते 7 अंश हवा. तो दोन-तीनवर आला तर गाडी सरळ रस्त्यावरही भटकते, वळणावरून स्टिअरिंग आपलं आपण परत येत नाही. आधीच बांधलेल्या ॲक्सलमध्ये पिनियन आणि नकल यांच्यातला कोन ठरलेला असतो. तो जुळत नसेल तर नळीच्या टोकाचे 'सी', म्हणजे नकल धरणारे आतले भाग, वेल्ड कापून फिरवावे लागतात. हे काम शंभर टक्के होतं, पण ज्यानं आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या. दोन्ही 'सी' मध्ये अर्ध्या अंशाचा फरक राहिला तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढेल.

नवा ॲक्सल बांधून घेण्याचा खरा फायदा इथेच आहे. रुंदी, गोळ्याची जागा, 'सी' चा कोन, ब्रॅकेट, सगळं तुमच्या मापाचं. तोटाही इथेच आहे: माप चुकलं तर दोष देण्यासाठी दुसरं कोणी नाही.

रुंदीचं बोलू. हबच्या ज्या पृष्ठावर रिम टेकते, तिथून दुसऱ्या बाजूच्या तशाच पृष्ठापर्यंतचं अंतर म्हणजे रुंदी. टीजेचा मूळ ॲक्सल साधारण साडेसाठ इंचांचा. पिकअपचा पूर्ण रुंदीचा डाना 60 बऱ्यापैकी मोठा, सुमारे 69. उतारावर आडवं जाताना रुंद गाडी चांगली, अरुंद झाडीत वाईट. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिमचा ऑफसेट. अरुंद ॲक्सलवर बाहेर काढलेल्या रिम लावून रुंदी मिळवली की टायरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून लांब जातो, स्टिअरिंग जड होतं आणि प्रत्येक दगडाचा झटका हातात येतो. रुंद ॲक्सलला आत बसणाऱ्या रिम लावल्या तर हेच उलट, सुखद होतं. म्हणून पूर्ण रुंदीचा डाना 60 मी उगाच कापून लहान करत नाही.

रिम म्हटलं की बोल्ट आले. टीजेला 5 बोल्ट, 4.5 इंचांच्या वर्तुळावर. डाना 60 ला 8 बोल्ट, 6.5 इंचांच्या वर्तुळावर. मागचा डाना 44 तसाच ठेवलात तर पुढे एक रिम, मागे दुसरी, आणि स्टेपनी नेमकी कोणाची? शिवाय 37 वर मागचा डाना 44 सुद्धा हातघाईवरच असेल. म्हणजे पुढचा ॲक्सल बदलायचा निर्णय हा खरं तर दोन्ही ॲक्सलचा निर्णय आहे. हे आधी मान्य करा. डाना 60 चे कॅलिपर बहुतेकदा 15 इंची रिममध्ये मावत नाहीत. 16 किंवा 17 धरून चाला.

रेशोचं (प्रोपेलर शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाकाची एक फेरी) गणित सोपं आहे. नवा टायर भागिले मूळचा टायर, गुणिले मूळ रेशो. मूळ 30 इंच आणि 3.73 धरलं तर 37 साठी 4.60 येतात. मोठ्या टायरचं वजन आणि हवेचा रोध लक्षात घेऊन मी वरच्या बाजूला जातो, म्हणजे 4.88. पुढचा-मागचा रेशो एकच हवा. 4.09 आणि 4.10 असा किरकोळ फरक चालतो, 4.56 आणि 4.88 असा नाही. तो ट्रान्सफर केसच फोडेल.

इथे एक खाचखळगा आहे. क्राऊन व्हील ज्या केसवर बसतं तो प्रत्येक रेशोला चालत नाही. डाना 60 ला 4.10 पर्यंत एक केस आणि 4.56 पासून पुढे दुसरा. डाना 44 ला हीच सीमा 3.73 आणि 3.92 यांच्यामध्ये, डाना 30 ला 3.54 आणि 3.73 यांच्यामध्ये. तुम्ही घ्याल तो जुना ॲक्सल 3.54 किंवा 4.10 चा असेल तर 4.88 साठी केस बदलणं आलंच. लॉकर बहुतेकदा स्वतःच नवा केस घेऊन येतो, त्यामुळे लॉकर आणि क्राऊन-पिनियन एकत्रच ठरवा. मागवताना '4.56 व वरील, 35 स्प्लाइन' हे दोन्ही शब्द लिहा. मागच्या डाना 60 चे शाफ्ट अनेकदा 30 स्प्लाइनचे असतात, त्यामुळे दुकानदार डोळे झाकून 30 वाला देतो.

पुढे लॉकर कोणता? हवा किंवा विजेवर हवा तेव्हा लागणारा आणि सुटणारा. आपोआप लागणारा लॉकर मागे ठीक आहे, पुढे मात्र तो फोर-व्हीलमध्ये स्टिअरिंग सरळ करायला भाग पाडतो. आणि तुमची तुटण्याची पद्धत बघता, पूर्ण वळवताना लॉकर सोडता येणं ही चैन नाही. खरं तर ही सवय लागली तर अर्धे शाफ्ट वाचतील.

स्टिअरिंगला टीजेची मूळ रचना उलट्या 'वाय' सारखी आहे: टाय रॉड मधेच ड्रॅग लिंकला जोडलेला. ॲक्सल वरखाली झाला की टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) बदलतो. नव्या ॲक्सलवर ती आणू नका. एका नकलपासून दुसऱ्या नकलपर्यंत सरळ, जाड टाय रॉड आणि वेगळी ड्रॅग लिंक. ड्रॅग लिंक आणि पॅनार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) एकमेकांना समांतर आणि शक्य तितक्या सारख्या लांबीचे हवेत. ते तसे नसतील तर खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग आपोआप फिरेल. लोक ड्रॅग लिंक वर नेतात आणि पॅनार्डचं ब्रॅकेट जुन्या उंचीवर ठेवतात, मग डॅम्पर बदलत बसतात. 37 टायर आणि लॉकरवर मूळ स्टिअरिंग बॉक्स दमतो. हायड्रॉलिक मदतीचा सिलिंडर आज नाही तरी पुढे लागेल, त्याची जागा टाय रॉडवर आत्ताच सोडा.

ब्रेक थोडक्यात. मोठ्या कॅलिपरचा पिस्टन जास्त तेल मागतो. मास्टर सिलिंडर तोच राहिला तर पेडल खोल जाईल, त्यामुळे बोअरचा मेळ घालावा लागतो. गाडीला एबीएस असेल तर सेन्सरच्या रिंगचं काय, ते ॲक्सल घेण्यापूर्वी ठरवा.

वेल्डिंगबद्दल एकच गोष्ट विसरू नका: गोळा ओतीव आहे, नळ्या त्यात दाबून बसवलेल्या आहेत. फोर्डच्या या ॲक्सलला डाव्या बाजूची पाट्यांच्या स्प्रिंगची बैठक गोळ्यातच ओतलेली असते. तुमच्या टीजेला कॉइल स्प्रिंग आणि लिंक आहेत, म्हणजे डावीकडचं ब्रॅकेट त्या ओतीव भागाशीच झगडणार. गोळा तापवून, योग्य रॉडनं, थोडं थोडं वेल्ड करून हळूहळू थंड होऊ द्यायचा. एका दमात वरचा ट्रस (ॲक्सल ताठ ठेवणारा आधार) वेल्ड केलात तर नळ्या वाकतात आणि टायरचा कॅम्बर (आत-बाहेर कलणं) कायमचा बिघडतो. सरळ सळई आरपार घालून तपासत काम करणारा माणूस शोधा.

एकदा मी सगळी ब्रॅकेटं पक्की वेल्ड करून मोकळा झालो आणि मग गाडी खाली उतरवली. पूर्ण दाबल्यावर पॅनार्ड रॉड गोळ्याच्या झाकणावर आणि गोळा इंजिनच्या सम्पवर (खालच्या तेलाच्या भांड्यावर) टेकत होता. दोन दिवस ग्राइंडर चालवला. आता मी स्प्रिंग काढून ठेवतो, ब्रॅकेटं फक्त टाचून घेतो, ॲक्सल जॅकवर बंप स्टॉपपर्यंत उचलतो, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो. मग एक बाजू वर, दुसरी खाली. मग उलट. सगळ्यात वाईट स्थितीतही सम्पपाशी बोट जाईल इतकी जागा राहिली तरच पक्कं वेल्ड.

माझा कौल: 37 नक्की असेल आणि मागचाही ॲक्सल बदलायची तयारी असेल तर फोर्डचा डाना 60, पूर्ण रुंदीत, लॉकिंग हबसह. ती तयारी नसेल तर 35 वर थांबा आणि आहे त्याच डाना 30 मध्ये 4340 पोलादाचे शाफ्ट घाला, क्रॉसच्या वाट्या पूर्ण गोल क्लिपनी धरलेले. 'सी' ला आधाराच्या पट्ट्या वेल्ड करा, बॉल जॉइंट नवे घ्या. आजच्या तुटण्यावर हा थेट उपाय आहे. त्यानंतर अशक्त दुवा क्राऊन-पिनियन होईल, पण तुम्ही घाई केली नाहीत तर तो बरीच वर्षं टिकेल.

ॲक्सल खरेदीला जाताना टेप, कोनमापक आणि दिव्याचा मोबाइल न्या. झाकण उघडून तेल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, बेअरिंग सगळी नवी धरा. नकल हातानं हलवून बघा, नळीच्या सांध्यावर गंजाची रेघ दिसली तर नळी गोळ्यात फिरलेली असू शकते. क्राऊन-पिनियन बसवणाऱ्याकडून बॅकलॅशचा (दातांमधल्या मोकळ्या अंतराचा) आकडा लिहून घ्या, 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या दरम्यान हवा, आणि दातांवरचा रंगाचा ठसा फोटोत मागा. नव्या दातांवर पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, आणि सुमारे 800 किलोमीटरला तेल बदला. त्या तेलात बारीक चमक दिसेल, ती चालते. तुकडा दिसला तर गाडी तिथेच उभी करा.